एकदाच विचारणारा माणूस

कासलबार (आयर्लंड), ५ ऑक्टोबर २०२५

ती. सुरेखाआत्यास,

प्रल्हादचा शि. सा. न. वि. वि. आणि गुडघ्याची चौकशी.

पत्राला उशीर झाला. फोनवर बोललेलं दुसऱ्यांदा वाचता येत नाही म्हणून तू फोनवर काही महत्त्वाचं ऐकून घेत नाहीस, तेव्हा हा दोष टपालखात्याचा धरावा. इकडे सगळं ठीक आहे. सुमेधाच्या हॉस्पिटलात हिवाळ्याची गर्दी सुरू झाली. मुक्ताला मराठी सगळं समजतं, बापाला उत्तर मात्र इथल्या मेयो परगण्यातल्या शेतकऱ्याच्या इंग्रजीत येतं.

मार्चमध्ये कंपनीने मला नारळ दिला आणि मी ओडवारच्या खिडक्यांच्या वर्कशॉपमध्ये जायला लागलो, हे तुला कळवलं होतंच. त्यावर तू विचारलं होतंस की हा ओडवार कोण, कुठला, आणि त्याच्या घरी कोण कोण असतं. तर ओडवार मूळचा नॉर्वेचा, वय त्र्याहत्तर. ऐन तरुणपणी मासेमारीच्या बोटीवरचा सुतार म्हणून इथल्या वेस्टपोर्ट बंदरात उतरला. बोट नादुरुस्त होती, म्हणून एका बाईंकडे खोली घेऊन राहिला. खिडकी बंद असताना तिचा पडदा हलत होता. सकाळी त्याने बाईंना याचं कारण विचारलं. बाई म्हणाल्या, वारा आहे. तो म्हणाला, वारा आहे हे दिसतंय, पण तो बाहेर असायला हवा. बाईंना ही कल्पना नवीन होती. त्याने ती खिडकी काढून स्वतः केलेली बसवून दिली. मग शेजारणीने बोलावलं, मग शेजारणीच्या बहिणीने. बोट दुरुस्त होऊन निघून गेली, आणि हा अजून खिडक्या बसवतो आहे.

त्या बाईंच्या मुलीशी, ब्रीडाशी, त्याने लग्न केलं. न्यूपोर्टच्या रस्त्याला शेड बांधली. आज तिथे सहा माणसं कामाला आहेत आणि आसपासच्या अर्ध्या घरांत त्याच्या लाकडी खिडक्या आहेत. ब्रीडा बऱ्याच वर्षांपूर्वी गेली. ओवेन नावाचा एकुलता एक मुलगा ऑस्ट्रेलियात, पर्थला असतो. ओडवार स्वभावाने चांगला आहे, म्हणजे बोलत नाही.

मी गेलो होतो त्याच्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर चढवायला. ते काम पंधरवड्यात संपलं. त्यानंतर घरी जावंसं वाटेना म्हणून लाकूड धरायला उभा राहिलो. आता चौकटी जुळवतो. मागच्या महिन्यात माझ्या हातची पहिली खिडकी एका म्हातारीच्या स्वयंपाकघरात बसली. ती उघडली आणि मिटली की जो बारीकसा आवाज होतो, तो ऐकायला मी उगाचच दोनदा तिथे जाऊन आलो. म्हातारीला वाटतं मी गॅरंटीच्या तपासणीला येतो.

आता मुख्य बातमी. मंगळवारी चहाच्या सुट्टीत ओडवारने मला विचारलं की तो येत्या उन्हाळ्यात काम सोडणार आहे, तर वर्कशॉप मी घेईन का. पैशाचं सावकाश बघू म्हणाला. आत्या, मला ते मनापासून हवं आहे. अर्थात मी लगेच नको नको म्हटलं. म्हटलं, छे हो, माझी काय लायकी, आणि तुमचं तरी असं काय वय झालंय. तो बरं म्हणाला, कप विसळला आणि कामाला लागला. म्हणजे आता आठवडाभरात पुन्हा विचारेल. दुसऱ्यांदा काय म्हणायचं ते कळव.

लोभ आहेच, तो टपालात अडकू नये ही विनंती.

तुझा
प्रल्हाद

*

मिरज, १७ ऑक्टोबर २०२५

चि. प्रल्हाद यास,

अ. उ. आ. गुडघा जागेवर आहे.

तुझं पत्र आज वसुबारसेच्या मुहूर्तावर आलं. फराळाचं पार्सल कालच रवाना केलं आहे. चकल्या यंदा कडक झाल्या आहेत, त्या प्रवासात मोडणार नाहीत हा त्यांचा एकच गुण. मुक्ताने कुठल्याही भाषेत खाव्यात.

नको म्हणालास ते अगदी योग्य केलंस. लहानपणी कुलकर्ण्यांकडे लाडवाची बशी पहिल्यांदा पुढे आली तेव्हा तू हात घातला होतास आणि मी तुला चिमटा काढला होता. त्या चिमट्याचं चीज झालं. आपल्या घरात कुणी कधी दुसरी पोळी मागून घेतलेली नाही आणि कुणी कधी उपाशीही राहिलेलं नाही, कारण वाढणाऱ्याला आपलं काम कळतं.

पुढचं नीट वाच. त्याने दुसऱ्यांदा विचारलं की, बघू, घरच्यांना विचारून सांगतो, असं म्हणायचं. चेहऱ्यावर आनंद दिसता कामा नये. तिसऱ्यांदा विचारलं की, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर, असं म्हणून हो म्हणायचं. ह्यांना बँकेत मॅनेजर करायचं ठरलं तेव्हा ह्यांनी दोनदा नकार दिला होता. तिसऱ्यांदा साहेब स्वतः घरी आले, पोहे खाल्ले आणि हुकूम देऊन गेले. हे एकोणतीस वर्षं त्याच बँकेत मानाने राहिले. पहिल्या हाकेला ओ देणारा माणूस हावरट दिसतो.

तो नॉर्वेचा आहे याची मला काळजी वाटत नाही. इतकी वर्षं आयर्लंडात राहिला आहे, आणि चहा नको म्हटलं तरी आयरिश बायका ओततातच असं तूच मागे लिहिलं होतंस. तेव्हा त्याला रीत ठाऊक असणार. धीर धर.

सुमेधाला आणि मुक्ताला आशीर्वाद. माया इथून पाठवते आहे, पावती नको.

तुझी
सुरेखाआत्या

*

कासलबार, २ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. चकल्या पोचल्या. सगळ्या शाबूत आहेत, खाऊनही बऱ्याचशा शाबूत राहतात.

ओडवारने अजून विचारलेलं नाही. मी त्याला पुरेपूर संधी देतो आहे. चहाच्या सुट्टीत मुद्दाम त्याच्या समोरच्या बाकावर बसतो. परवा मी वर्कशॉपकडे नजर फिरवून मोठा सुस्कारा टाकला. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता विचारतो. त्याने विचारलं की मला पित्ताचा त्रास आहे का, आणि ड्रॉवरमधून गोळी काढून दिली. मी घेतली. नको म्हणायची सोय नव्हती, कारण तोपर्यंत तो निघून गेला होता.

मागच्या सोमवारी फाटकावर विक्रीचा बोर्ड लागला. तेव्हापासून जवळच्या बलिना गावचा एक माणूस दोनदा येऊन गेला. त्याला इथे लोकांच्या कॅराव्हॅन, म्हणजे सुट्टीत गाडीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या खोल्या, हिवाळ्यात ठेवायला जागा हवी आहे. मशिनं नकोत, माणसंही नकोत. त्याने टेपने शेडची लांबी घेतली तेव्हा टेपचं दुसरं टोक मीच धरलं. मला धरायला सांगितलं होतं.

माझं काय चुकलं ते कळत नाही. नको म्हणताना माझा सूर कदाचित फार ठाम लागला असेल. किंवा त्याने माझं काम पाहून विचार बदलला असेल, हे जास्त संभवतं. मध्येच आपण होऊन विषय काढणं बरं दिसणार नाही, हे मला समजतं. तू सांगितल्याप्रमाणे चेहऱ्यावर आनंद दिसू देत नाही. ते सध्या सोपं जातंय.

आणखी एक. सुमेधाला पार पूर्व किनाऱ्यावरच्या ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात कायमची जागा मिळते आहे. तिने उत्तर डिसेंबरात द्यायचं आहे. वॉटरफोर्डहून इकडे आलो तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि इथे उघडला, तसाच आताही मिटून तिकडे उघडेन. फक्त कंपनीने लॅपटॉप परत घेतला आहे.

ममतेचा ओघ असाच इकडे वळलेला राहो.

प्रल्हाद

*

कासलबार, ४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यांना,

सुमेधाचा सा. न. वि. वि. हे पत्र प्रल्हादला न सांगता लिहिते आहे, आणि लवकर पोचावं म्हणून कुरिअरने पाठवते आहे. तुमच्या चकल्यांबद्दल त्याने काय लिहिलं ते मला माहीत नाही. मला आवडल्या.

आत्या, तुमचा भाचा रुसलेल्या वरपक्षासारखा वर्कशॉपमध्ये बसून राहिला आहे आणि बाहेर मांडव सोडायला घेतला आहे. मी त्याला म्हटलं, जा आणि सांग की मला हवं आहे. तर म्हणतो, असं कसं तोंड वेंगाडायचं, आत्या काय म्हणेल. म्हणून थेट आत्यांनाच लिहिते.

माझ्या वॉर्डात नोरा नावाची नर्स आहे, ब्रीडाची सख्खी भाची. ती सांगते की ओडवारने ब्रीडाला मागणी घातली तेव्हा ब्रीडा म्हणाली, चल, काहीतरीच काय. म्हणजे इथल्या भाषेत हो. ओडवारने आभार मानले, खोलीवर जाऊन पिशवी भरली आणि नॉर्वेला परत जायला मिळेल त्या बोटीवर चढला. ब्रीडाला धक्क्यापर्यंत धावत जाऊन त्याला समजवावं लागलं. पुढे संसारभर ती त्याच्याशेजारी बसून टेबलाखालून पायाने सांगत असे, की या माणसाचं नको म्हणजे हो आहे, पुन्हा विचार. नोरा म्हणते, ओडवार कधीच कुणाला दुसऱ्यांदा विचारत नाही. समोरचा एकदा स्पष्ट बोलल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे ओडवारला त्या माणसाचा अपमान वाटतो. ब्रीडा गेली आणि टेबलाखालून सांगणारं कुणी राहिलं नाही. सगळं गाव ही गोष्ट हसत सांगतं, त्याला मात्र यातली रीत कुणी समजावून सांगितलेली नाही.

म्हणजे तो प्रल्हादवर रागावलेला नाही. त्याने विचारलं, प्रल्हाद नको म्हणाला, विषय संपला.

माझ्या नोकरीमागे प्रल्हाद तीन गावं फिरला. कुठलंही घर त्याला ग्रँड, म्हणजे आयरिश अर्थाने ठीकच, असायचं. इतक्या वर्षांत त्याने मला हे हवं असं एकदाही म्हटलं नाही, आणि मीही त्याला काही हवं असेल असं धरून चालले नाही, याचं मला वाईट वाटतं. आता कुणाकडे जेवायला गेलो की तो यजमानांच्या खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवत उभा असतो आणि मला त्याला जेवायला बस म्हणून हाक मारावी लागते. ड्रोहेडाला मी नाही म्हणू शकते. पण ओडवारचं वर्कशॉप कॅराव्हॅनवाल्याला गेलं तर इथे राहून तरी तो काय करणार? बलिनाचा माणूस महिनाअखेरीच्या शुक्रवारी हात मिळवून सौदा पक्का करायला येणार आहे.

तुमच्याशिवाय तो कुणाचं ऐकणार नाही. आशीर्वाद द्याल तेव्हा या खेपेला थोडे कडक द्या.

तुमची
सुमेधा

*

मिरज, १६ नोव्हेंबर २०२५

चि. प्रल्हाद यास,

अ. उ. आ. हे पत्र उभ्याने वाचलंस तरी चालेल, लगेच निघायचं आहे.

माझ्यापर्यंत काही बातम्या आल्या आहेत. त्या कुठून आल्या याची चौकशी करू नये आणि त्या व्यक्तीवर डाफरू नये. तुझा ओडवार रागावलेला नाही. त्याला माणसाला एकदाच विचारता येतं. तो मनुष्य तसाच आहे. बायको होती तोवर तिने सांभाळून घेतलं.

मी तुला शिकवलं ते चुकीचं नव्हतं. मिरजेत अजूनही ते सगळं बरोबर आहे. पण नको म्हणायची चैन आग्रह करणाऱ्याच्याच घरी करावी. ज्याच्या घरी आग्रहच नाही तिथे नको म्हणणारा उपाशी राहतो, आणि यजमानाला वाटतं की पाहुण्याला भूक नव्हती. हे मला पहिल्याच पत्राला सुचायला हवं होतं. मी बँकेच्या साहेबांच्या पोह्यांत रमले.

आता सांगते ते ऐक. त्याच्याकडे जा आणि मला वर्कशॉप हवं आहे, एवढंच वाक्य बोल. आधी हवापाण्याचं बोलायचं नाही. लायकीचं तर मुळीच बोलायचं नाही. लाज वाटेल. वाटू दे, लाजेने आजवर कुणी दगावलेलं नाही. तू आईवेगळा माझ्याकडे आलास तेव्हापासून मी तुला काही मागताना पाहिलं नाही. मी ते वळण समजत होते आणि लोकांना कौतुकाने सांगत होते. तुला काय हवं आहे हे माझ्या सुनेकडून, तेही कुरिअरने, समजलं याचं मला फार वाईट वाटलं.

बातमी कुठून आली ते आता तुला कळलंच. तिच्यावर डाफरू नकोस.

हे पत्रही कुरिअरनेच येत आहे. जा.

सुरेखाआत्या

*

कासलबार, ३० नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र बुधवारी संध्याकाळी मिळालं. उभ्यानेच वाचलं. सुमेधावर डाफरलो नाही, ती आधीच दुसऱ्या खोलीत जाऊन बसली होती.

गुरुवारी सकाळी गेलो. ओडवार एका दाराला बिजागरी लावत होता. मी म्हटलं, मला वर्कशॉप हवं आहे. त्याने स्क्रू पूर्ण आवळला. मग म्हणाला, तू नको म्हणाला होतास. मी म्हटलं, हो. ते खोटं होतं का, त्याने विचारलं. मी म्हटलं, खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणतात, यजमान पुन्हा विचारतो, आणि तिसऱ्यांदा हो म्हणतात. तुमच्या इथल्या लोकांचंही साधारण तसंच आहे.

तो स्टुलावर बसला. गेली पंचेचाळीस वर्षं त्याला कोण कोण कशाकशाला नको म्हणालं होतं, ते तो बहुतेक आठवत असावा, कारण फार वेळ लागला. त्यानंतर त्याने मला विचारलं की हे सगळ्यांचंच असतं का. इथेच जन्मलेल्या, इथेच वाढलेल्या माणसाचंही? मी म्हटलं, त्यांचं तर फारच.

मग त्याने सांगितलं. ब्रीडा गेली त्या वर्षी त्याने ओवेनला फोन करून विचारलं होतं की परत येऊन वर्कशॉप घेशील का. ओवेन म्हणाला, अरे नको बाबा, तुझं तू ग्रँड चालवतो आहेस. ओडवारने बरं म्हटलं. त्यानंतर हा विषय दोघांत कधी निघाला नाही. ब्रीडा असती तर तिने सांगितलं असतं, एवढंच तो म्हणाला. नंतर उठला आणि म्हणाला, आधी मला त्याला पुन्हा विचारलं पाहिजे, तू थांब.

आत्या, मी थांबलो. रंगाच्या खोलीत जाऊन त्याने पर्थला फोन लावला, आणि मी बाहेर त्या अर्धवट दाराला धरून उभा होतो. एका वाक्यासाठी मी दोन महिने झुरलो, ते बोललो, आणि बोलल्यामुळेच वर्कशॉप माझ्या हातून त्याच्या पोटच्या मुलाकडे चाललं होतं. यात रागवावं असंही कुणी समोर नव्हतं.

तो लगेच बाहेर आला. म्हणाला, ओवेन नको म्हणतो. तेव्हा आता तू.

माझं काम झालं होतं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात आपल्या घराचा हात कुणी धरणार नाही. पण त्याच्याकडे पाहिलं आणि मला राहवेना. मी म्हटलं, हे दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं आहे. त्याने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. दुसऱ्यांदाचं नको धरायचं नसतं.

तो परत आत गेला. या वेळी बराच वेळ आत होता. आधी त्याचा आवाज येत होता, नंतर येईना. बाकीची माणसं चहाला आली, चहा पिऊन कामाला गेली. मी दाराला बिजागरी लावून टाकली. वाकडी लागली.

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. म्हणाला, तिसरं नको खरं आहे. ओवेनचं तिकडे घर आहे, मुलांची शाळा आहे, बायको तिकडचीच आहे. आता तो येणार नाही. पण तेव्हा आला असता. तेव्हा नको म्हटल्यावर तो महिनाभर पुन्हा विचारण्याची वाट पाहत होता, राहत्या घराचा करारही त्याने वाढवला नव्हता. बापाने पुन्हा विचारलं नाही, म्हणून त्याला वाटलं, मनातून बोलावलं नव्हतं. बारा वर्षं तो हेच धरून बसला होता. आज फोनवर आधी तो रडला आणि मग हसत सुटला, म्हणाला, बाबा, हे तुला कुणी शिकवलं. ओडवारने माझं नाव सांगितलं. उन्हाळ्यात ओवेन सगळ्यांना घेऊन येतो आहे, राहायला नाही, भेटायला.

मी बिजागरी वाकडी लागल्याचं सांगितलं. तो म्हणाला, दिसतंय.

बलिनाचा माणूस शुक्रवारी आला. ओडवारने त्याला विकायचं नाही म्हणून सांगितलं. तो आयरिश असल्यामुळे त्याने ते मनावर घेतलं नाही, दुपारी पुन्हा आला आणि शनिवारी सकाळी तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा त्याला तेच उत्तर मिळालं. तो बराच गोंधळलेला दिसला. सुमेधाने ड्रोहेडाला नाही कळवलं आहे, पहिल्याच खेपेला.

मला ओडवारने गुरुवारीच, बिजागरी काढून पुन्हा लावता लावता, विचारलं की वर्कशॉप घेशील का. मी हो म्हटलं. हावरट दिसलो असेन. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मोठ्याने हो म्हटलं. संध्याकाळी फाटकाला कुलूप घालताना तिसऱ्यांदा विचारलं. शुक्रवारी विचारलं, शनिवारी विचारलं. तीन झाले, आता पुरे, एवढं त्याला सांगायचं माझ्या तोंडावर येतं, पण तो विचारून झाल्यावर जसा उत्तराची वाट बघत उभा राहतो, ते पाहून मी गिळतो. प्रत्येक वेळी हो म्हणतो.

तुझं प्रेम मला आहे तेवढं सगळं हवं आहे. कमी करू नये.

तुझा
प्रल्हाद